फिजिक्सच्या लॅबची किल्ली

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. त्या त्या वेळी डोकं फिरतं, घरी येऊन नवऱ्यावर ओरडून होतं, चार दिवसांनी राग उतरतो आणि मागं जे उरतं त्याला लोक किस्सा म्हणतात. माझी अडचण एवढीच की माझा राग उतरत नाही. त्यामुळं माझ्याकडं दोन्ही साठलंय, किस्सेही आणि रागही. तुम्ही विषय काढलाच आहे तर आता ऐका, मधे उठून जाऊ नका.

मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. शिकवते म्हणजे, शिकवू दिलं तर शिकवते. आमच्या कॉलेजचं शहरातल्या एका क्लासशी 'टाय-अप' आहे. टाय-अप म्हणजे काय, तर पोराचं नाव आमच्याकडं आणि पोरगं त्यांच्याकडं. हजेरीपटावर वर्ग कसा गच्च, आणि आत जाऊन बघावं तर बाकं रिकामी. क्लास न लावलेली थोडी मुलं मात्र रोज येतात. कुणी गडमुडशिंगीहून सायकल हाणत येतं, कुणी मुरगूडच्या एसटीनं. ती मुलं, मी, आमचे लॅब असिस्टंट दत्तामामा आणि आमची लॅब, एवढाच आमचा संसार.

लॅब म्हणजे मुख्य इमारतीला लागून असलेली पत्र्याच्या छताची लांबलचक खोली. रस्त्याकडं तोंड, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. नेमकी हीच खोली क्लासवाल्यांच्या डोळ्यात भरली. त्यांना तिथं 'डाउट काउंटर' काढायचा होता. म्हणजे पोरांनी यायचं, अडलेलं गणित दाखवायचं आणि जायचं. आमच्या चेअरमन साहेबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच मला बोलावलं.

"मॅडम, हे एवढं वर्ष करा तुमचं काय प्रॅक्टिकल-बिक्टिकल. पुढच्या जूनला लॅब रिकामी करून किल्ली माझ्याकडं द्यायची. प्रयोग काय, स्क्रीनवर बी हुतात आता."

मी म्हटलं, "सर, पोहायला शिकवायचं असेल तर स्क्रीनवर चालेल का?"

ते म्हणाले, "त्ये वायलं."

वेगळं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून वर्षभर जिवाला हाच एक घोर. जून आला की किल्ली जाणार. आता सांगते ते सगळं त्याच वर्षातलं आहे.

* * *

पहिल्याच महिन्यात एक पालक आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोबाइल. उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप आहे असं आल्या आल्या सांगितलं. मला बरं वाटलं. म्हटलं, हा माणूस लोखंडात वाढलेला, ह्याला तरी प्रॅक्टिकलचं महत्त्व कळत असेल.

"मॅडम, तुम्ही पोराला लॅबला यायला सांगितलंय म्हणं."

"हो. आठवड्यातनं दोन तास."

"दोन तासात त्याची चाळीस एमसीक्यू हुतात. तेवढी सूट द्या की."

मी शांतपणे समजावलं. म्हटलं, साहेब, बल म्हणजे काय हे हातानं ओढल्याशिवाय कळत नाही. स्प्रिंगला वजन टांगायचं, ती किती ताणते ते बघायचं, दुप्पट टांगायचं, परत बघायचं. असं करत करत ते अंगात मुरतं. तुमच्या वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की त्याला आधी मशीनला हात लावायला देता ना?

"व्हय, देतो की."

"मग तसंच हे."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग एखाद्या अडाणी माणसाला सांगावं तसं मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या ध्यानात येईना झालंय. त्याला मशीनला हात लावायचा न्हाय. त्याला इंजिनिअर व्हायचंय."

* * *

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं बारसं मुरगूडला होतं म्हणून शनिवारी एसटीनं निघाले. गाडी खच्चून भरलेली. मला बसायला मिळालं होतं. पुढं दांडा न धरता, दोन्ही हातांनी मोबाइल धरून आमच्याच वर्गातला एक मुलगा उभा होता. त्याच आठवड्यात मी त्याला वर्गात उभं करून जडत्व विचारलं होतं. त्यानं पुस्तकातली व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली होती. आणि 'म्हणजे काय रे?' असं विचारल्यावर परत तीच व्याख्या म्हणून दाखवली होती, जरा मोठ्यानं.

कागलच्या अलीकडं एक म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. हा मुलगा थेट पुढच्या सीटवरच्या एका आजीबाईंच्या मांडीवर. त्यांच्या पिशवीत अंडी होती.

"डोळं फुटलं का रं तुझं? माणसांच्या अंगावर पडतोस व्हय?"

मुलगा उठला, इकडंतिकडं बघितलं, तेवढ्यात त्याला मी दिसले. मी दिसल्यावर त्याला काय झालं कुणास ठाऊक, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आज्जी, मी न्हाय पडलो. मी आपला हुतो तसाच निघालतो. बस थांबली."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. इतके दिवस घसा फोडून जे सांगत होते ते पोरगं एका वाक्यात बोललं होतं. गाडी थांबली, शरीराला थांबायला कुणी सांगितलंच नाही, ते आपल्या वेगानं पुढं गेलं. ह्यापेक्षा चांगलं जडत्व कुठल्याच पुस्तकात नाही. मी उठून त्याची पाठ थोपटणार होते.

आजीबाई अंडी बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग जायचं हुतंस की तसाच म्होरं मुरगूडापत्तर. एसटी कशाला पायजे तुला?"

ह्याच मुलानं सहामाहीत परत पुस्तकातली व्याख्याच लिहिली. मी विचारलं, अरे, बसमधलं का नाही लिहिलंस? तर म्हणाला, क्लासला जाणाऱ्या मित्रानं सांगितलंय, स्वतःच्या भाषेत लिहिलं की मार्क कटतात.

* * *

गणपतीतला प्रकार तर विचारू नका. आमच्या लॅबच्या रस्त्यावरनं मिरवणूक जाते. दुपारपासूनच डीजेची गाडी कोपऱ्यावर येऊन उभी राहिलेली, आवाज तपासायचं चाललेलं. गाणं ऐकूच येत नव्हतं, नुसता धप् धप् धप्. आमच्या काचेच्या कपाटाची दारं थरथरायला लागली. गंमत म्हणजे तीन कपाटांपैकी मधल्याच एकाची. बाकीची दोन ढिम्म. मुलांना मी तिथंच उभं करून दाखवलं की बघा, प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची एक वारंवारिता असते, बाहेरचा ठोका तिच्याशी जुळला की ती अशी अंगात आल्यासारखी हलते. ह्याला अनुनाद म्हणतात. लिहून घ्या.

लिहून घेईपर्यंत त्याच कपाटावरचं एक बीकर थरथरत थरथरत कडेला आलं आणि खाली.

मग मात्र माझी सटकली. तशीच पदर खोचून रस्त्यावर गेले. मंडळाचे कार्यकर्ते मला बघून बाजूला झाले. डीजेच्या गाडीवर चढलेला एकजण खाली उतरला आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. आमचाच जुना विद्यार्थी.

"अरे, आवाज कमी कर. माझ्या लॅबच्या काचा फुटायला लागल्यात."

"मॅडम, आवाज मोठा न्हाय वो. बेस हाय त्यो. तुम्हीच शिकवलासा की, लांब लाटा भिंतीला वळसा घालून जात्यात म्हणून. आम्ही त्योच फंडा वापरलाय. पार रंकाळ्यापत्तर जातंय."

आता ह्याला काय बोलायचं? सगळ्या वर्गात ह्या एकानंच माझं म्हणणं ध्यानात ठेवलं होतं, आणि त्याचा उपयोग केला तो असा. मी म्हटलं, मला काही सांगू नकोस, आधी ते कमी कर.

मुलगा गुणी. लगेच वर चढला, माइक हातात घेतला आणि होता त्यापेक्षाही मोठ्या आवाजात अख्ख्या पेठेला सांगितलं, "फिजिक्सच्या आदरणीय मॅडमच्या विनंतीला मान देऊन मंडळ आवाज कमी करीत आहे!"

ह्या वाक्यानं दुसरं बीकर पडलं.

* * *

एक मुलगी होती, प्रणोती. गडमुडशिंगीची, घरी गोठा, सकाळी धारा काढून कॉलेजला यायची. प्रश्न विचारायची तिला खोड. एकदा तिनं विचारलं, "मॅडम, क्रिया आन प्रतिक्रिया सारखीच असती म्हणताय. मग रस्सीखेचीत कोण तर जिंकतंय कसं? दोन्हीकडं सारखीच ओढ असंल तर रस्सी मधीच ऱ्हायला पायजे की."

इतका सुंदर प्रश्न. मी विचारलं, हे आणि कुणाला विचारलंस का? तर म्हणाली, क्लासला जाणाऱ्या मैत्रिणीकडं मी हाच प्रश्न धाडलाता. तिनं तिथल्या सरांना विचारलं. सरांना पोरं 'फास्ट सर' म्हणतात, कारण ते कुठलंही गणित अर्ध्या मिनिटात संपवतात. फास्ट सरांनी ह्या प्रश्नाचं उत्तर त्याहूनही लवकर दिलं होतं. "पेपरला येत नाही. नेक्स्ट."

पेपरला येत नाही! अरे, जग काय तुमच्या पेपरात येतं म्हणून चाललंय का? मी त्याच तासाला सगळ्यांना उठवलं. कॉरिडॉरच्या गुळगुळीत फरशीवर नेलं. मुलांना म्हटलं, बूट काढा, मोजे राहू देत. मुलींना म्हटलं, चपला काढा, अनवाणी उभ्या राहा. दत्तामामांनी मंडपवाल्याचा दोर आणला. मुलांच्या बाजूला तालमीत जाणारा एक पैलवान होता, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवाव्यात. तो हसत होता. म्हणाला, मॅडम, पोरींना लागंल.

ओढायला सांगितलं आणि पहिल्या हिसक्यालाच पैलवानासकट सगळी मुलं सरसर सरसर मुलींकडं घसरत आली. पैलवानाच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या, जोर सगळा लावलेला, पण पायच धरेनात. मुलींनी त्यांना नोटीस बोर्डापर्यंत ओढत नेलं.

"मॅडम, जोर आमचाच जास्त हाय, पर पायच ऱ्हाईनात," पैलवान म्हणाला.

"आता कळलं? दोरावरची ओढ दोघांना सारखीच. जमिनीला कोण जास्त रेटतंय आणि जमीन कुणाला धरून ठेवतीय, त्यावर निकाल लागतो."

प्रणोतीचा चेहरा बघायला हवा होता. एखादी गाठ सुटावी तसा मोकळा झाला होता. मी मनात म्हटलं, ह्या एका चेहऱ्यासाठी लॅब वाचायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चेअरमन साहेबांचं बोलावणं. एका पालकांची तक्रार आली होती की पोरगं मोजे फाडून घरी आलं. "मॅडम, तुम्ही फिजिक्सला हायसा का पी.टी.ला?"

मी रस्सीखेचीचा सगळा प्रश्न त्यांना समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, मान डोलावली आणि विचारलं, "आन ह्ये पेपरला किती मार्काला येतंय?"

* * *

मग एक दिवस तो स्क्रीन आलाच. क्लासवाल्यांनी भेट दिलेला. भिंतीएवढा. त्यावर सगळे प्रयोग. बोटानं स्पर्श केला की लंबक हलायला लागतो, शेजारी आकडे आपोआप पडतात. दिसायला देखणं होतं, नाही म्हणत नाही. उद्घाटनाला क्लासची मुलं आणली होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच कॉलेजात आली होती आणि त्यातल्या दोघांनी मला 'पार्किंग कुठंय?' असं विचारलं.

कार्यक्रम झाल्यावर मी त्या मुलांना लॅबमध्ये घेऊन गेले. म्हटलं, आलाच आहात तर खराही बघून घ्या. दत्तामामांनी छताच्या हुकाला दोरा बांधून पितळी गोळा टांगला होता. मी एका मुलाच्या हातात स्टॉपवॉच दिलं. त्यानं गोळा सोडला. झोके मोजायला लागला. मोजता मोजता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, हे खराब आहे."

"काय खराब आहे?"

"हे हळूहळू कमी व्हायला लागलंय. थांबतंय बघा. तिकडचं थांबत नव्हतं."

त्याला हवेचा विरोध माहीत होता. त्यावरची गणितं तो डोळे मिटून सोडवायचा. फक्त ती हवा ह्याच खोलीत असते, आपल्या नाकासमोर असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात मागनं दत्तामामा अगदी मनापासून म्हणाले, "हुकाला तेल सोडू का मॅडम?"

दारात चेअरमन साहेब उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. स्टाफरूममध्ये चहा पिताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी काय म्हणतो मॅडम, त्यांचा लंबक थांबत न्हाय. तुमचा थांबतोय. मग चांगला कुठला, तुम्हीच सांगा."

सगळी स्टाफरूम हसली. मी चहा तसाच टेबलावर ठेवून लॅबमध्ये आले आणि कधी नव्हे ते दार आतून लावून घेतलं.

* * *

बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी दत्तामामा मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, औंदा रीडिंग घ्यायची का द्यायची?"

तुम्हाला धक्का बसला असेल तर बसू दे. कितीतरी ठिकाणी ही पद्धत आहे. प्रयोग करत कोण बसतो? बाहेरनं परीक्षक येतात, त्यांना तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा असतो, पोरांना घरी जायचं असतं. तयार रीडिंग असतात, ती उतरायची, उत्तर बरोबर येतं, सगळे सुखी. मी मात्र म्हणते, घ्यायची. दत्तामामा मान हलवून उपकरणं मांडायला लागतात.

त्या वर्षी ध्वनीचा वेग काढायचा प्रयोग होता. पाण्यात उभी नळी धरायची, तिच्या तोंडाशी कंपन करणारा काटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, धरायचा, नळी वरखाली करत आवाज एकदम घुमेल ती जागा शोधायची. हवेच्या त्या खांबाची लांबी मोजली की वेग निघतो. क्लासची मुलं रीडिंग पाठ करूनच आली होती. नळीला हातसुद्धा न लावता सगळ्यांचं उत्तर तीनशे चाळीस. एकाचंही तीनशे एकोणचाळीस नाही. ती रीडिंग मुळात कुणी घेतली आणि कधी घेतली, देव जाणे. कुठल्यातरी गारठ्यातल्या सकाळी घेतली असणार.

प्रणोतीनं मात्र नळीला कान लावून लावून प्रयोग केला. तिचं आलं तीनशे एकावन्न.

परीक्षक जेवून आले होते. डोळे जड झालेले. पेपर बघितला आणि म्हणाले, "बाळ, चुकलंय. तीनशे चाळीस यायला पाहिजे."

"न्हाय सर. तेवढंच येतंय. परत परत करून बघितलंय."

"बाकी सगळ्यांचं तीनशे चाळीस आहे."

"सर, त्यो थर्मामीटर बघा की."

भिंतीवर थर्मामीटर होता. दुपारची वेळ, वर पत्रा तापलेला, लॅबमध्ये तेहतीस डिग्री. प्रणोती घाबरली होती, पण बोलायची थांबली नाही. म्हणाली, हवा जेवढी तापंल तेवढा आवाज जास्त वेगानं जातोय सर. तीनशे चाळीस थंडीतलं हाय. आज ऊन हाय.

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मुलगी बरोबर आहे."

त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, करून बघितलं. माणूस वाईट नव्हता, अडचणीत सापडला होता. शेवटी हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, बरोबर असेल हो. पण एवढी मुलं चुकीची आणि एकटीच मुलगी बरोबर, हे मी वर कसं दाखवू?"

मी सांगितलं, तिचा एक मार्क जरी कापलात तरी मी सही करणार नाही. बराच वाद झाला. शेवटी त्यांनी मार्ग काढला. प्रणोतीला पूर्ण मार्क आणि त्या पाठ करून आलेल्यांनाही पूर्ण मार्क. खरं आणि खोटं एका पंगतीला बसवून त्यांनी हात धुतले.

ह्यावर चेअरमन साहेब खूश. "बघा मॅडम. लॅबला न येता बी पुरे मार्क मिळत्यात. मग कशाला ती खोली अडवायची?"

* * *

आणि जून आला.

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि आमचा ओंकार चमकला. 'आमचा' म्हणजे नाव आमच्याकडं. जयसिंगपूरचा मुलगा, दोन वर्षं क्लासच्या होस्टेलवर काढलेली. प्रॅक्टिकल परीक्षेच्या गर्दीत आला असेल तेवढाच, मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. पण निकाल लागला की कोल्हापुरात आधी फ्लेक्स लागतो, पेढे मागनं. चेअरमन साहेबांना चौकात मोठा फ्लेक्स लावायचा होता आणि त्यावर फोटो हवा होता तो ओंकार लॅबमध्ये प्रयोग करतानाचा.

मला फोन आला. "मॅडम, उद्या लॅब उघडी ठेवा, फोटो काढायचाय. आन फोटो झाला की किल्ली तेवढी देऊन टाका. क्लासची माणसं दुपारी सामान हलवायला येणार हाईत."

मी फोन ठेवला. ज्या खोलीला कुलूप घालायचं, तिचाच फोटो चौकात लावायचा. ह्या माणसांना काही वाटतच नाही का? नवरा म्हणाला, जाऊ दे, तुझं काय जातंय. मी म्हटलं, माझंच जातंय.

दुसऱ्या दिवशी ओंकार आला. बारीक चणीचा, चष्मा लावलेला, फार नम्र. पाया पडला. अंगात नवाकोरा पांढरा ॲप्रन, पाकिटातल्या घड्या अजून तशाच. फोटोग्राफरनं त्याला टेबलामागं उभं केलं. चेअरमन साहेब दारात उभे, शेजारी क्लासचा मॅनेजर, हातात मोजपट्टी.

"हातात काहीतरी सायन्सचं द्या की मॅडम," फोटोग्राफर म्हणाला.

मी ट्युनिंग फोर्क दिला. ओंकारनं तो उलटा धरला. दांडा वर आणि दोन्ही काटे मुठीत. फोटोग्राफर म्हणाला, एकदम झकास, हसा जरा. आणि माझ्या डोक्यात सणक गेली. ह्या पोरानं लाटांवरची हजारो गणितं सोडवली असतील. आणि त्याला फोर्क कुठनं धरायचा हे माहीत नव्हतं. दोष त्याचा नव्हता, म्हणून तर जास्त राग आला.

"थांब," मी म्हटलं. "असा नाही. दांडा धर. आता त्या रबरावर मार."

त्यानं मारलं.

"आता टोक त्या बीकरमधल्या पाण्याला नुसतं टेकव."

त्यानं टेकवलं. पाणी फर्रकन उडालं. चष्म्यावर, ॲप्रनवर, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावरसुद्धा. फोटोग्राफर ओरडत मागं सरला. ओंकार मात्र जागचा हलला नाही. चष्म्याच्या काचांवरनं थेंब ओघळत होते. तो हातातल्या फोर्ककडं बघत होता.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे हे खरंच हलतं?"

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, फोर्क परत रबरावर मारला आणि ह्या वेळी कानाशी नेला. मग परत मारून दांडा टेबलावर टेकवला. सगळं टेबल गुणगुणायला लागलं. तो खाली वाकला आणि त्यानं गाल टेबलाला लावला. दत्तामामांनी न सांगता दुसरा फोर्क त्याच्यासमोर आणून ठेवला. फोटोग्राफर कॅमेरा पुसत म्हणाला, "दादा, इकडं बघा." त्यानं बघितलं नाही.

चेअरमन साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅनेजरनं मोजपट्टी उघडली. साहेब पुढं आले आणि माझ्यासमोर हात पसरला.

"झाला फोटो. मॅडम, किल्ली."

मी म्हटलं, "सर, जरा बाहेर थांबता का? आत प्रॅक्टिकल चालू आहे."